टायमर थांबवायला लागलेली वीस वर्षं

१ जुलै २०१२ च्या पहाटे आपल्या घड्याळांत एक जादा सेकंद घातला गेला. ५:२९:५९ नंतर ५:२९:६०. जालन्यात कुणाला पत्ताही लागला नाही. जगभरच्या लिनक्स सर्व्हरांना मात्र धाप लागली. लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, हा सेकंद हिशेबात धरला, पण स्वतःच्याच हाय-रिझोल्यूशन टायमरांना कळवला नाही. ते सेकंदभर पुढे राहिले. अर्धा सेकंद थांबायला सांगितलेले प्रोग्राम थांबेचनात, प्रोसेसर शंभर टक्के गुंतले. तात्पुरता उतारा गमतीचा होता: आहे तीच तारीख पुन्हा सेट करा.

हे टायमर थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी २००६ मध्ये २.६.१६ आवृत्तीत आणले. पुढची जवळपास वीस वर्षं नव्यापेक्षा जुनं निस्तरण्यातच जास्त गेली. २०१८ च्या जानेवारीत आलेल्या ४.१५ साठी केस कुक यांनी कर्नलच्या साध्या टायमरांची जुनी setup_timer पद्धत मोडीत काढली. तिच्यात बोलवायचं फंक्शन आणि त्याला द्यायची माहिती शेजारीशेजारी असायची, हल्लेखोराला आयतंच.

खरी गोम टायमर लावण्यात नाही, थांबवण्यात आहे. समजा, ड्रायव्हर सुरू होताना मेमरी घेतो, टायमर लावतो आणि तिसऱ्या पायरीला अडतो. आता आल्या वाटेने उलट जायचं: आधी टायमर थांबवायचा, मग मेमरी सोडायची. पण del_timer_sync ने थांबवलेला टायमर दुसऱ्या कोपऱ्यातला कोड पुन्हा लावू शकत असे. मेमरी सोडून झालेली, आणि टायमर तिथेच वाजायचा. काही चुकलं तरच चालणारा हा आवराआवरीचा कोड एरवी वर्षानुवर्षं चालतच नाही, म्हणून चाचणीतही सापडत नाही. माझ्या मते कर्नलमधल्या चुकांचं सगळ्यात सुपीक रान हेच.

स्टीव्हन रोस्टेड यांनी हा प्रश्न लावून धरला आणि फेब्रुवारी २०२३ च्या ६.२ मध्ये timer_shutdown_sync आलं. ते टायमरचं फंक्शनच काढून घेतं. नंतर कुणी लावू गेलं तरी तो लागत नाही. त्याच वर्षीच्या ६.५ मध्ये, कोडच्या ब्लॉकमधून बाहेर पडताच आपोआप आवराआवर करणारी सोयही आली.

मे २०२५ च्या ६.१५ मध्ये टायमर थांबवण्याचं del_timer हे जुनं नाव कर्नलमधून कायमचं गेलं.