मोत्याला घर मिळालं

ऑस्टिनचं सरकारी शेल्टर २०११पासून आलेल्या प्राण्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक वाचवतं. साहजिकच तिथे जागेची चणचण. म्हणून मोत्याला आम्ही तात्पुरतं सांभाळायला आणलं. दीड वर्षाचा ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग. गुरं हाकणारी जात, आमच्या दोन खोल्यांत! आठवड्यात सोफा फाडला. आधीच्या दोन घरांनी 'फार मस्तीखोर' म्हणून परत केलेला. माझ्या मते त्याला काम हवं होतं, एवढंच. जाहिरातीत मी सरळ लिहिलं, रोज दोन तास पळवणार असाल तरच या. तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. आई व्हिडिओ कॉलवर म्हणायची, "ठेवून घे रे." पण मी दिवसभर लॅपटॉपसमोर. शेवटी शेळ्या पाळणारं एक जोडपं आलं. काल त्यांनी फोटो पाठवला, मोत्या भर दुपारी गाढ झोपलाय. आमच्याकडे तो दिवसा कधी झोपलाच नाही.