सात घरांची मनी

मांजरी व्याली की आपली पिल्ले सात घरे फिरविते, असे जुनी माणसे सांगत आली. आकडा सोडला तर त्यात निरीक्षण खरे आहे. बोका, कुत्रा किंवा माणसांचा वावर यांपासून पिल्ले जपण्यासाठी मांजरी त्यांना मानेशी अलगद धरून जागा बदलीत असते. बडोद्यास दांडिया बाजारात, रावपुऱ्यात जे जुने वाडे होते, त्यांत अशा जागांना तोटा नव्हता. माळा असे, जळणाची खोली असे, अडगळीचा कोनाडा असे. मांजर कोणा एकाचे नसे. एका बिऱ्हाडी दूध, दुसरीकडे ताकभात, तिसरीकडे कोठीतला उंदीर, असा त्याचा संसार चाले.

एकेक करून वाडे पडले, इमारती उठल्या. दारे बंद राहू लागली, माळे नाहीसे झाले. सात घरांचा आसरा सरला. आता मांजराला एकच घर लागते, आणि ते आपले, असे कोणीतरी म्हणावे लागते.

गेल्या आषाढात आमच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरांमागे एक पिल्लू सापडले. दीड महिन्याचे, भिजलेले, डोळे चिपडांनी मिटलेले. आम्ही दिवसभर आडून पाहिले. आई फिरकली नाही. पशुवैद्यांनी डोळ्यांवर उपचार केले, जंताचे औषध दिले, पुढे लसी टोचल्या. आज ती सहा महिन्यांची आहे. पांढऱ्या अंगावर काळे-पिवळे डाग. हाक मारताच शेपटी उभारून येते. मुलांनी नाव ठेवले मनी. परंतु आमच्या घरी वडीलधाऱ्यांना दम्याचा विकार आहे व मांजराच्या सहवासाने तो बळावतो. तेव्हा मनीसाठी स्थळ पाहणे आले.

स्थळे पुष्कळ आली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, “बोका की भाटी?” अंगावर तीन रंग असलेले मांजर बहुधा भाटीच असते, आणि मनीही भाटीच. एवढे ऐकताच निम्मी मंडळी परतली. त्यांची धास्ती निराधार नाही. भाटी पाच-सहा महिन्यांतच गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षाला दोन-तीन वेतेही होऊ शकतात. मात्र त्यावर सोपा उपाय आहे. मनीची संततिनियमनाची शस्त्रक्रिया गेल्या महिन्यात झाली, टाकेही भरले.

दुसरा प्रश्न अन्नाचा. मांजर दूध-भातावर वाढते, हा आपला जुना समज. वास्तविक मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही, आणि मांजर हा मूळचा मांसाहारी प्राणी. मांसातील टॉरीन हे द्रव्य न मिळाल्यास त्याची दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. ज्या घरी मांस-मासे शिजत नाहीत, त्यांनी मांजरांसाठी मिळणारे तयार खाद्य द्यावे. तेही चालणार नसेल, तर मनीचा विचार सोडावा. आणखी एक सूचना. माणसांची औषधे मांजराला कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

मांजर माणसाइतकेच जागेलाही धरून असते. म्हणून नव्या घरी पहिले काही दिवस त्याला एकाच खोलीत ठेवावे, वाळूचे घमेले व पाणी जवळ असावे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खिडक्यांना जाळी बसवून घ्यावी.

सांभाळलेले मांजर बारा-पंधरा वर्षे जगते. आज शाळेत जाणारी मुले नोकरीला लागतील, तेव्हाही मनी घरात असेल. बदली झाली, सून बाळंतीण झाली, म्हणून तिला भाजीबाजारात सोडून येता येणार नाही. पाळलेल्या प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

तेव्हा वाचकांस विनंती अशी, की मनीला पाहावयास येण्यापूर्वी घरातील सर्वांना विचारावे. एकाची हौस आणि बाकीच्यांची नाराजी, असे घर तिला नको. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांचे ‘हो’ असेल, तर अवश्य यावे. देणे-घेणे काही नाही. महिन्या-दोन महिन्यांनी तिची खुशाली कळवावी, एवढेच आमचे मागणे.