फूल न घालता फुलांचा चहा

विशेष प्रतिनिधी, अर्नाळा

अर्नाळा, आगाशी, नंदाखाल या पट्ट्यातील माणसाला सुगंधाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. सोनचाफा, मोगरा, जाई यांसारखी फुले वसईच्या वाड्यांमध्ये भल्या पहाटे खुडली जातात आणि लोकलने दादरच्या फुलबाजारात पोहोचतात. फूल कोणत्या घटकेला खुडले आणि कसे हाताळले, यावर त्याचा सुवास किती टिकेल हे ठरते. हे ज्ञान या किनारपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. याच ज्ञानाच्या आधारे सहज उमगेल असा एक चहा दक्षिण चीनमध्ये तयार होतो. त्याच्या पेल्यातून कधी अनंताचा, कधी चाफ्याचा, कधी मधाचा, तर कधी पिकल्या फळाचा गंध येतो. मात्र त्यात फूल, फळ, मध वा अर्क यांपैकी काहीही घातलेले नसते. 'ऊलाँग' या नावाने तो ओळखला जातो.

अलीकडे हा चहा आपल्याकडील मोठ्या दुकानांत आणि इंटरनेटवरील बाजारात सहज मिळू लागला आहे. हौसेने आणलेले हे महागडे पान नेहमीच्या सवयीने पातेल्यात उकळले जाते आणि मग कडू काढा म्हणून बाजूला पडते. या चहाचा गंध कोठून येतो, तो पेल्यात कसा उतरवावा आणि विकत घेताना फसगत कशी टाळावी, हे समजून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरावे.

झाड एकच, चहा अनेक

हिरवा चहा, काळा चहा आणि ऊलाँग हे तिन्ही 'कॅमेलिया सिनेन्सिस' या एकाच झाडाच्या पानांपासून बनतात. फरक पडतो तो पान खुडल्यानंतरच्या प्रक्रियेत. वांगे चिरून ठेवले की काही वेळाने काळे पडते. पानातील पेशी दुखावल्या आणि त्यांना हवा लागली की तसाच बदल चहाच्या पानातही घडतो. याला 'ऑक्सिडीकरण' म्हणतात. हिरव्या चहात पानाला लगेच उष्णता देऊन हा बदल रोखला जातो. काळ्या चहात तो जवळजवळ पूर्ण होऊ दिला जातो. ऊलाँग या दोहोंच्या मधला. बदल किती होऊ द्यायचा आणि नेमका कोठे थांबवायचा, यातच कारागिराचे कौशल्य असते. त्यामुळे काही ऊलाँग हिरव्या चहाच्या जवळ जातात, तर काही काळ्या चहाच्या.

आपल्या घरोघरी उकळला जाणारा दाणेदार चहा हे याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे रूप होय. पान चिरडून, फाडून, त्याचे दाणे वळण्याची 'सीटीसी' पद्धत १९३०च्या दशकात आसाममध्ये विकसित झाली. दूध, साखर आणि आले यांच्यासमोर टिकून राहील असा कडक रंग व चव देणे, हे या दाण्याचे काम. ते तो चोख बजावतो. नाजूक सुगंधाची अपेक्षा मात्र त्याच्याकडून करता येत नाही.

दुखावलेल्या पानाचा सुवास

ऊलाँगसाठी खुडलेली पाने आधी उन्हात आणि नंतर सावलीत पसरून मलूल होऊ दिली जातात. त्यानंतर खरी परीक्षा सुरू होते. बांबूच्या रुंद सुपांमध्ये ती हलकेच हलवली व उसळवली जातात, मग काही काळ निवांत ठेवली जातात आणि पुन्हा हलवली जातात. हा क्रम बहुधा रात्रभर चालतो. पानांच्या कडा एकमेकींवर घासून दुखावतात व तांबूस होतात, तर मधला भाग हिरवाच राहतो. खुडलेले असले तरी पान अद्याप जिवंत असते. या आघाताला ते सुगंधी द्रव्ये निर्माण करून प्रतिसाद देते. मोगऱ्याच्या सुवासात आढळणारे लिनालूल आणि इंडोल हे घटक ऊलाँगच्या पानातही सापडतात, ते याचमुळे. हवा तो गंध आला, की तापलेल्या कढईत पान परतून पुढील बदल थांबवला जातो. मग ते वळणे, वाळवणे आणि अखेरीस मंद आचेवर भाजणे, अशा पायऱ्या येतात.

तैवानमधील एका प्रकारच्या ऊलाँगमध्ये हा आघात चक्क कीटक करतात. आंबा बागायतदार ज्यांच्या नावाने बोटे मोडतात, त्या तुडतुड्यांचाच एक भाऊबंद चहाचा कोवळा शेंडा शोषतो आणि त्या पानांना मधासारखा, पिकल्या फळासारखा गंध येतो. तेथील शेतकरी अशा मळ्यांवर कीटकनाशक फवारत नाहीत.

फळाच्या गंधाचे नवल आगाशी परिसराला तरी वाटू नये. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली, की त्यांची मधाच्या रंगाची सुकेळी होतात. सुकेळ्याचा वास ताज्या केळ्याच्या वासाहून वेगळा, अधिक गडद असतो. वरून काही न घालता, केवळ ऊन, हवा आणि वेळ यांनी हा बदल घडवलेला असतो. ऊलाँगचे तंत्र निराळे असले, तरी तत्त्व फारसे दूरचे नाही.

अनंत, चाफा आणि बदकाची विष्ठा

फुलांच्या व फळांच्या गंधासाठी सर्वाधिक नावाजलेले ऊलाँग ग्वांगडोंग प्रांतातील छाओझोउ शहराजवळच्या फंगहुआंग, म्हणजेच फिनिक्स पर्वतावर होतात. त्यांना 'दान्त्सोंग' म्हणतात. या शब्दाचा अर्थ 'एकेकटे झाड'. गुणी झाडाची पाने वेगळी खुडून त्यांचा चहा वेगळा करण्याच्या प्रथेवरून हे नाव पडले. गंधावरून त्यांचे प्रकार ठरतात. 'मी लान' म्हणजे मध आणि ऑर्किड. हा सर्वांत प्रसिद्ध, आणि त्यात लिचीसारख्या फळाची झाकही जाणवते. 'ह्वांग झी' म्हणजे आपल्याकडील अनंताच्या जातीच्या फुलाचा गंध. 'यू लान' हा मॅग्नोलियाचा, म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्याच कुळातील फुलाचा.

एका प्रकाराचे नाव मात्र 'बदकाच्या विष्ठेचा गंध' असे आहे. चहा इतका सुवासिक, की झाडाची कलमे कोणी चोरू नयेत म्हणून मालकाने मुद्दाम हे किळसवाणे नाव सांगितले, अशी आख्यायिका आहे. २०१४मध्ये त्याला 'चांदीच्या फुलाचा गंध' असे सभ्य नाव देण्यात आले. बाजारात मात्र जुनेच नाव चालते.

जुना परिचय

चिनी चहा या किनाऱ्याला अगदीच परका नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेस आलेला इंग्रज धर्मोपदेशक जॉन ओव्हिंग्टन याने तेथील लोक चहा पितात, त्यात गरम मसाले उकळतात आणि खडीसाखर किंवा मुरवलेले लिंबू घालतात, असे नोंदवून ठेवले आहे. त्या वेळी आसामच्या मळ्यांचा मागमूसही नव्हता. हा सारा चहा चीनमधून समुद्रमार्गे येत असे. ओव्हिंग्टनने १६९९मध्ये चहावर एक स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. त्यात वर्णिलेला 'बोही' हा प्रकार फुजियान प्रांतातील वुयी डोंगरांवरचा. ऊलाँगची कला याच डोंगरांत सुरू झाली, असे मानले जाते. 

सुरत आणि मुंबई यांच्यामधील जलमार्ग अर्नाळ्याच्या समोरूनच जातो. त्या काळी अर्नाळा आणि वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होते; मराठ्यांनी अर्नाळा १७३७मध्ये आणि वसई १७३९मध्ये जिंकली. चीनच्या दाराशी, मकाव येथेही पोर्तुगीजांचेच ठाणे होते. पोर्तुगीज भाषेतील चहाचा शब्द कॅन्टन परिसरातील 'छा'वरून आला. आपला 'चहा'ही त्याच घराण्यातील शब्द. इंग्रजी 'टी'चे मूळ मात्र फुजियानच्या किनाऱ्यावरील बोलीत आहे.

पाणी उकळावे, पान नव्हे

छाओझोउमध्ये चहा करण्याच्या पद्धतीला 'कुंग-फू चहा' म्हणतात. येथे कुंग-फूचा संबंध मारामारीशी नाही. सवडीने आणि सरावाने साधलेली कुशलता, असा त्याचा अर्थ. भांडे लहान, पान भरपूर, वेळ अगदी थोडा आणि तेच पान पुनःपुन्हा वापरायचे, हे या पद्धतीचे सार.

सुमारे १०० मिलिलिटर पाणी मावेल असे झाकणाचे चिनीमातीचे भांडे घ्यावे. चिनी लोक 'गायवान' नावाचा झाकणाचा वाडगा वापरतात. तो नसल्यास लहान किटली चालते. स्टीलच्या नेहमीच्या भांड्याला आले-वेलचीचा वास चिकटलेला असण्याची शक्यता असते, म्हणून ते टाळलेले बरे. भांडे आधी गरम पाण्याने विसळून तापवावे. त्यात ५ ग्रॅम पान घालावे. लांबट, पीळ दिलेले पान असल्यास भांडे सैलसर निम्मे भरते. पाण्याला उकळी आली, की आच बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि मग पाणी पानावर ओतावे.

पहिल्या वेळी १० सेकंदांत सर्व चहा दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावा. पानावर पाणी मुळीच शिल्लक ठेवू नये, कारण तेच पुढच्या पेल्याला कडू करते. दुसऱ्या वेळीही तेवढाच वेळ ठेवावे. त्यानंतर दर वेळी ५ ते १० सेकंद वाढवत जावे. चांगले पान सहा ते आठ वेळा चव देते. इतकी सवड नसल्यास २०० मिलिलिटर पाण्याला ३ ग्रॅम पान घेऊन दोन ते तीन मिनिटांनी गाळावे. दान्त्सोंग हे पान मोठे मानी आहे. अर्धा मिनिट अधिक राहिले तरी कडवटपणा वर येतो. तसे झाल्यास पान कमी करण्यापेक्षा आधी वेळ कमी करून पाहावा. दूध घालू नये. दुधातील प्रथिने चहातील तुरट द्रव्यांना धरून ठेवतात आणि सुगंध झाकला जातो. साखरेची गरज भासत नाही.

फुरका मारण्यात गैर काही नाही

चाखण्याची सुरुवात नाकाने करावी. तापवलेल्या भांड्यात कोरडे पान टाकून झाकण लावावे आणि क्षणभराने ते उघडून वास घ्यावा. चहा गाळल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्यावा; फुलांचा गंध तेथे सर्वांत स्पष्ट असतो. मग घोट घ्यावा, तोही थोडा निवल्यावर. आपल्याकडील वडीलधारी मंडळी बशीत ओतून फुरका मारत चहा पितात. जगभरचे व्यावसायिक चहा-परीक्षकही असाच आवाज करीत चहा ओढतात. घोटाबरोबर हवा आत गेली, की सुवास घशातून नाकाकडे चढतो. गिळल्यानंतर घशात उरणारा गोडवा हे चांगल्या ऊलाँगचे लक्षण मानले जाते. पहिले पेले फुलांकडे, मधले फळांकडे आणि शेवटचे मधुर पाण्याकडे झुकतात. एकाच पानाची ही वाटचाल अनुभवणे, हीच या चहाची खरी मौज.

विकत घेताना

नेमक्या याच कीर्तीचा फायदा नकली मालाला मिळतो. साध्या पानावर कृत्रिम स्वाद फवारला, की पाकीट उघडताच फुलांचा घमघमाट सुटतो. असा वास पहिल्या-दुसऱ्या पेल्यातच विरतो आणि मागे नुसते तुरट पाणी उरते. अस्सल पानाचा गंध कोरडेपणी सौम्य असतो आणि चौथ्या-पाचव्या पेल्यातही साथ देतो. स्वाद मिसळलेल्या चहाच्या वेष्टनावर तसा उल्लेख करणे आपल्याकडील नियमांनुसार बंधनकारक आहे. तो वाचूनच पैसे मोजावेत. खऱ्या मोगऱ्याच्या कळ्यांच्या सहवासात ठेवून गंधित केलेला चहा ही चीनमधील मान्य परंपरा आहे, परंतु तो ऊलाँगपेक्षा वेगळा प्रकार होय. प्रथम ५० ग्रॅमचे लहान पाकीट घेणे श्रेयस्कर. दार्जिलिंग आणि निलगिरी येथेही ऊलाँग तयार होतो. सरावासाठी तोही चालेल.

'वजन उतरवणारा चहा' अशा जाहिरातींना भुलू नये. आहार आणि व्यायाम यांची जागा कोणताही चहा घेऊ शकत नाही. यात कॅफिन असते, त्यामुळे रात्री तो बेतानेच प्यावा. रक्तक्षय असणाऱ्यांनी जेवणाबरोबर चहा टाळावा, कारण तो अन्नातील लोहाचे शोषण घटवतो. साठवणीचा प्रश्न किनाऱ्यावर अधिक बिकट असतो. पावसाळ्यातील दमट हवा पानाला मारते, आणि पान शेजारचे वास चटकन ओढून घेते. मसाल्याच्या डब्याजवळ किंवा सुक्या बोंबलांच्या फडताळात ठेवलेला ऊलाँग आठवडाभरात वाया जातो. घट्ट झाकणाचा, अपारदर्शक डबा हाच त्यावर उपाय.

अखेर गोष्ट पाण्याची

पेल्यातील चहाचा बहुतांश भाग पाणीच असतो. आठव्या शतकात चहावर पहिला ग्रंथ लिहिणाऱ्या लू यू याने डोंगरातील पाण्याला पहिले, नदीच्या पाण्याला दुसरे आणि विहिरीच्या पाण्याला शेवटचे स्थान दिले होते. वसईच्या वाड्यांचे आणि घरांचे जीवन मात्र विहिरींवरच उभे राहिले. समुद्राने वेढलेल्या अर्नाळ्याच्या किल्ल्यातही गोड्या पाण्याचे अष्टकोनी तळे आहे. भूगर्भातील गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्याला थोपवून धरतो. उपसा प्रमाणाबाहेर वाढला, की समुद्राचे पाणी आत सरकते आणि विहीर मचूळ होते. वसईच्या किनारपट्टीने हे अनुभवले आहे.

दुधाच्या कडक चहात हा मचूळपणा लपून जातो. ऊलाँगमध्ये तो लपत नाही. क्षारांनी जड झालेल्या पाण्यात रंग गढूळ येतो, वर तवंग धरतो आणि फुलांचा गंध दबून जातो. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, असे भारतीय मानक सांगते. या चहाला त्याहूनही हलके पाणी मानवते. एकच पान, एकच वेळ आणि दोन पेले घ्यावेत. एकात घरच्या विहिरीचे पाणी, दुसऱ्यात पावसाचे स्वच्छ साठवून गाळून उकळलेले. दोन्हींचा वास एकापाठोपाठ घ्यावा. त्यात जो फरक जाणवेल, तो आपल्या जमिनीखालच्या पाण्याचा असेल. चाफा आणि मोगरा ज्या पाण्यावर वाढतात, तेही तेच आहे.