मेट्रो पास की नापास?

आपल्या देशात मेट्रोला रुळावर येण्याआधी परीक्षा द्यावी लागते आणि तिथे पासिंग आहे १४ टक्क्यांना! २०१७च्या मेट्रो रेल धोरणाने ही रेघ आखली. त्याआधी बघितला जायचा तो आर्थिक परतावा, ८ टक्के. आता बघायचं ते समाजाच्या पदरात काय पडतं ते: वाचलेला वेळ, न जळलेलं पेट्रोल, टळलेले अपघात, कमी झालेला धूर. या सगळ्याचे रुपये करायचे आणि खर्चाशी ताडून बघायचे. हा बदल चांगलाच झाला. मेट्रोचा फायदा तिकीट खिडकीत कधीच पुरता मावत नाही.

लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनचंच बघा. ती धावू लागली १९६८मध्ये, पण तिचा हिशेब फॉस्टर आणि बीस्ली या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६३मध्येच मांडला होता. नुसत्या तिकिटांवर गाडी तोट्यात जात होती. लोकांचा वाचणारा वेळ धरला की पारडं फिरत होतं. आणि खरी गंमत पुढेच आहे. फायद्याचा मोठा वाटा त्या लाइनवर पाऊलही न ठेवणाऱ्यांना मिळणार होता! रस्ता मोकळा झाला म्हणून मोटारवाला खूश, शेजारच्या लाइनची गर्दी घटली म्हणून तिथला प्रवासी खूश.

आता जरा पैसे मोजू. दरसाल १४ टक्के परताव्याची अट लावली, की दहा वर्षांनी होणाऱ्या एक रुपयाच्या फायद्याची आजची किंमत उरते २७ पैसे. तीस वर्षांनी होणाऱ्या फायद्याची? जेमतेम २ पैसे. ब्रिटनचं अर्थखातं हेच गणित ३.५ टक्क्यांनी करतं. तिथल्या दराने दहा वर्षांनंतरचा रुपया ७१ पैशांचा आणि तीस वर्षांनंतरचा सुमारे ३६ पैशांचा. लंडनमध्ये १८६३ साली खोदलेल्या भुयारी मार्गातून आजही गाड्या धावतात. म्हणजे अशा बांधकामाचं आयुष्य केवढं, ते कळतं. आज पाचवीत असलेली मुलगी चाळिशीत त्याच मेट्रोने कामावर जाईल, पण तिच्या त्या फायद्याला आपल्या कागदावर जवळपास किंमतच नाही. जिथे पैशांची चणचण आहे तिथे दर चढा असणार, हे मान्य. तरी १४ मला फारच चढा वाटतो.

वेळ मोजतानाही सगळी मिनिटं सारखी नसतात. ब्रिटनच्या पद्धतीत स्टॉपवर ताटकळण्याचं किंवा स्टेशनपर्यंत चालण्याचं एक मिनिट गाडीत बसलेल्या मिनिटाच्या साधारण दुप्पट धरतात. बसची वाट बघत उन्हात उभं राहिलेल्या कुणालाही हे लगेच पटेल! तिथे घर ते ऑफिस प्रवासातल्या मिनिटाला देशभर एकच सरासरी दर लावतात. नाहीतर श्रीमंतांच्या वस्तीतून जाणारा मार्ग दरवेळी बाजी मारून जाईल. अमेरिकेने तर आणखी एक पाऊल टाकलं. ज्या घरात गाडी नाही, त्या घरातल्या माणसाची फेरी तिथे दोन फेऱ्यांइतकी मोजण्याचा नियम झाला. मला हा नियम मनापासून आवडतो. आपल्या विरार लोकलमध्ये पीक अवरला एका चौरस मीटरात १४ ते १६ माणसं उभी असतात. रेल्वेच्या भाषेत हा ‘सुपर डेन्स क्रश लोड’. त्या गर्दीत एका हाताने वरची कडी आणि दुसऱ्याने डबा सांभाळणाऱ्या बाईचं मिनिट आणि एसी मोटारीत बसलेल्याचं मिनिट एकाच भावाने मोजणं हा तिच्यावर अन्यायच आहे.

अमेरिकेत अशा प्रकल्पांना चक्क श्रेण्याही मिळतात. उच्च, मध्यम-उच्च, मध्यम, मध्यम-निम्न, निम्न अशा पाच! निम्मं वजन प्रकल्पाच्या गुणांना, निम्मं स्थानिकांच्या पैशांच्या तयारीला. योजना कितीही देखणी असो, आपल्या वाट्याचे पैसे कुठून आणणार ते आधी दाखवा.

मग एवढी तपासणी होऊन अंदाज का फसतात? डेन्मार्कच्या बेंट फ्लुबियर्ग यांनी २००५मध्ये सहकाऱ्यांसह जगभरातले रेल्वे प्रकल्प तपासले. दहापैकी नऊ प्रकल्पांत प्रवाशांचे आकडे फुगवलेले निघाले आणि प्रत्यक्षात आलेले प्रवासी सरासरीने अंदाजाच्या निम्म्याहून कमी. खर्चाचं उलटं, तो वाढतच जातो. म्हणून ब्रिटनने खर्चाच्या अंदाजावर सुरुवातीलाच ठरावीक टक्के चढवण्याचा नियम केला. माणूस आपल्या योजनेबद्दल जरा जास्तच आशावादी असतो, हे त्यांनी सरकारी कागदावर मान्य केलं!

कधी कधी मात्र गाडी एका आकड्यावर अडते. २०२५च्या नोव्हेंबरात केंद्राने कोइम्बतूर आणि मदुराईचे मेट्रो प्रस्ताव परत पाठवले. लोकसंख्या २० लाखांच्या आत, हे त्यातलं मोठं कारण. आणि लोकसंख्या कोणत्या सालची? २०११ची, कारण त्यानंतर जनगणनाच झालेली नव्हती. आग्रा, पाटणा, भोपाळ यांना मेट्रो मिळते मग आम्हाला का नाही, हा तामिळनाडूचा सवाल बिनतोड आहे. इकडे २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दोन नावं एकाच दमात आली होती, नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा आणि नाशिकची टायरवर धावणारी निओ मेट्रो. नागपूरला २०२२च्या डिसेंबरात मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. नाशिककर पुढेही वाटच बघत राहिले.

तुमच्या शहराच्या मेट्रोचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, हाती लागला, तर आधी ‘पर्यायांचं विश्लेषण’ वाचा. बीआरटी, ट्राम, लाइट रेल यांच्याशी मेट्रोची तुलना करणं २०१७पासून सक्तीचं आहे. मग स्टेशनच्या दोन्ही बाजूंना ५ किलोमीटरपर्यंत पायवाटा आणि फीडर वाहनांची काय सोय केली आहे, ते बघा. राज्याने त्याची हमी अहवालातच द्यायची असते. ते पान सापडलं नाही, तर नगरसेवकाला विचारा.