निनावी पोथीतील निरूपण

नाताळचा सण समीप आला आहे. यहुदी व ख्रिस्ती या दोघांनाही पूज्य असलेल्या 'स्तोत्रसंहिते'वरील एका प्राचीन निरूपणाची कथा या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. कीर्तनकाराला ती विशेष जवळची आहे.

ओरिजेन हा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील महापंडित. जन्म अलेक्झांड्रियाचा, उत्तरायुष्य पॅलेस्टाइनमधील कैसरियात गेले. त्याची भाष्ये उतरून घेण्यासाठी अँब्रोज नावाच्या धनिक स्नेह्याने सातांहून अधिक लघुलेखक, तितकेच नकलाकार आणि सुंदर अक्षराच्या मुली नेमल्या होत्या, असे इतिहासकार युसेबियस सांगतो. मात्र लोकांपुढील प्रवचने टिपून घेण्यास ओरिजेनने साठी उलटल्यावरच अनुमती दिली. व्यासपीठावर उभे राहून बोलणाऱ्यास हा संकोच सहज उमगेल!

मृत्यूनंतर तीनशे वर्षांनी, इ.स. ५५३ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने त्याची गणना पाखंड्यांत केली. पाखंड्याच्या ग्रंथाची नक्कल कोण करणार? मूळ ग्रीक बहुतांशी लोपले. उरले ते नाना भाष्यकारांच्या वचनसंग्रहांत विखुरलेले तुकडे आणि लॅटिन अनुवाद. त्यांतही रुफिनसने हात सैल सोडलेला. पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रावरील पंधरा खंडांचे भाष्य त्याने दहांत आणले; गहाळ भागांची भरही स्वतःच घातली. मग ग्रंथावर आपलेच नाव का घालत नाहीस, असे लोक विचारीत. मूळ कर्त्याचे नाव पुसणे ही चोरी होय, असे त्याचे उत्तर होते. तरीही विद्वानांचा त्याच्यावरील संशय पुरता फिटला नाही.

२०१२ साली म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात मरीना मोलिन प्रादेल या विदुषी ग्रीक पोथ्यांची सूची करीत होत्या. बाराव्या शतकातील एका पोथीत त्यांना स्तोत्रांवरील २९ निरूपणे आढळली. कर्त्याचे नाव कोठेही नव्हते. परंतु छत्तिसाव्या स्तोत्रावरील चार निरूपणे ओळखीची निघाली. त्यांचा रुफिनसकृत लॅटिन अनुवाद आधीपासून उपलब्ध होता. ज्याच्यावर संशय, त्याचीच साक्ष कामी आली. लोरेन्झो पेरोने यांनीही पोथी तपासून कर्तृत्व ओरिजेनचेच ठरविले.

ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणाऱ्या नाथमहाराजांचे ऋण आपण मानतो; सूचीकाराची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. ही पोथी निनावी होती म्हणूनच वाचली असावी, असेही माझ्या मनात येते. २०१५ साली ती निरूपणे बर्लिनहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, ओरिजेनच्या नावासह.