बेसवादकाला वेश हवा की हात?

रॉक बँडच्या रंगमंचावर बेसवादक बहुधा एका बाजूला, ड्रमच्या जवळ उभा असतो. गायकावर प्रकाशझोत, गिटारवादकाच्या एकलवादनावर टाळ्या आणि बेसवादकाच्या वाट्याला खर्जाची जबाबदारी, अशी ही परंपरेने चालत आलेली वाटणी आहे. तो वाजवत असताना त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. त्याने वाजवणे थांबवले, की मात्र गाण्याचा पायाच निसटल्याचे सर्वांना जाणवते. तरीही नवा बँड उभा राहिला, नाव ठरले, काळे टी-शर्ट ठरले, की पहिला आक्षेप अनेकदा याच वादकावर येतो. त्याची गिटार आपल्या संगीताला शोभत नाही, त्याचे केस आखूड आहेत, तो मेटल बँडमधला न वाटता कार्यालयातून थेट आल्यासारखा वाटतो, असे म्हटले जाते.

हा आक्षेप वरवर किरकोळ असला तरी त्याचे परिणाम किरकोळ नसतात. नवे वाद्य घ्यायचे म्हणजे विद्यार्थ्याला किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणाला हप्त्यांचे गणित मांडावे लागते. कधी कधी तर उत्तम लय असलेला वादक केवळ 'शोभत नाही' म्हणून बँडबाहेर जातो. म्हणूनच बेसवादकाचे रूप आणि वाद्य बँडच्या शैलीशी जुळलेच पाहिजे का, या प्रश्नाकडे थोडे गांभीर्याने पाहायला हवे.

आवाज कशातून येतो?

आज जिला सर्रास बेस गिटार म्हटले जाते, तिचा खरा प्रसार अमेरिकेतील लिओ फेंडर याने १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या 'प्रिसिजन बेस'पासून झाला. त्यापूर्वी खर्जाची बाजू सांभाळणारा डबल बेस माणसाच्या उंचीहून मोठा, वाहून नेण्यास अवघड आणि विजेवरच्या गिटारींच्या गोंगाटात हरवून जाणारा होता. शिवाय त्याच्या दांडीवर पडदे नसल्याने सूर अचूक लागणे सर्वस्वी वादकाच्या कानावर अवलंबून असे. फेंडरने सतारीप्रमाणे दांडीवर पडदे बसवले, सूर नेमका लागू लागला, आणि या नेमकेपणावरूनच वाद्याला 'प्रिसिजन' हे नाव मिळाले.

या वाद्याचे खोड भरीव लाकडाचे असते. तारेची थरथर टिपून तिचे विजेच्या संकेतात रूपांतर करण्याचे काम पिकअप करतो. त्यामुळे आवाजाचा पोत मुख्यतः तारा, पिकअपचा प्रकार व त्याची जागा, तारेची लांबी, अॅम्प्लिफायर आणि वादकाची बोटे यांवर ठरतो. खोड टोकदार आहे की गोलाकार, काळे आहे की पिवळे, याचा ऐकू येणाऱ्या सुराशी संबंध अत्यल्प आहे.

अर्थात काही बाबतींत शैलीची मागणी खरी असते. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झचा सूर देते. मेटल बँड गिटारी त्याहून खाली उतरवून लावतात, तेव्हा ही तार सैल पडते आणि सूर धूसर होतो. अशा वेळी सुमारे ३१ हर्ट्झपर्यंत उतरणारी पाचवी तार किंवा नेहमीच्या ३४ इंचांऐवजी ३५ इंच लांबीची तार उपयोगी पडते. जुन्या सोल संगीताचा किंवा रेगेचा गोल, दबका नाद हवा असेल, तर सपाट वेटोळ्यांच्या तारा अनेकांना सोयीच्या वाटतात. घसरत जाणारा, माणसाच्या गळ्यासारखा सूर हवा असेल तर बिनपडद्यांचा बेस लागतो. या गरजा कानाच्या आहेत. 'मेटलसाठी टोकदार गिटारच हवी' ही गरज मात्र डोळ्यांची आहे. दोन्हींची गल्लत झाली, की पैसे चुकीच्या ठिकाणी खर्च होतात.

नावावरून शैली ठरत नाही

वाद्याच्या नावावरून किंवा आकारावरून संगीतप्रकार ठरवावा, तर इतिहास पावलोपावली आडवा येतो. फेंडरने १९६० मध्ये 'जॅझ बेस' आणला. जॅझमध्ये जॅको पास्टोरियसने १९६२ च्या अशाच एका बेसचे पडदे काढून टाकून तो अजरामर केला, हे खरे. परंतु तोच जॅझ बेस 'लेड झेपेलिन'च्या जॉन पॉल जोन्सने हार्ड रॉकमध्ये वाजवला आणि बॉब मार्लीच्या साथीला असलेल्या अॅस्टन बॅरेटने त्यावर रेगेचा ठेका घडवला.

रिकनबॅकर कंपनीच्या ४००० मालिकेतील बेसची कहाणीही अशीच आहे. 'बीटल्स'चा पॉल मॅकार्टनी, प्रोग्रेसिव्ह रॉकमधील 'येस'चा ख्रिस स्क्वायर आणि 'मोटरहेड'चा लेमी या तिघांच्या संगीतात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वाद्याचे घराणे मात्र एकच. 'आयर्न मेडन'चा स्टीव्ह हॅरिस हेवी मेटल वाजवतो, पण त्याच्या हाती असतो साधा प्रिसिजन बेस, आणि त्यावर तारा असतात सपाट वेटोळ्यांच्या, म्हणजे ज्या मेटलसाठी निरुपयोगी मानल्या जातात त्याच.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमर्सनने १९६० च्या दशकातील असंख्य गाजलेल्या गाण्यांना बेस दिला. उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने वाजवणाऱ्या या वादकाचे नाव तबकड्यांवर बहुधा छापलेही जात नसे. मार्विन गे याच्या १९७१ च्या अल्बमवर त्याला श्रेय मिळाले. लॉस एंजेलिसमधील ध्वनिमुद्रणगृहांत कॅरल के या बेसवादिकेनेही अशीच अगणित गाणी वाजवली. तो दिसतो कसा, ती दिसते कशी, याचा श्रोत्याला पत्ताच नव्हता.

दिसण्याचेही मोल आहे

याचा अर्थ रूपाला काहीच किंमत नाही असा नव्हे. रंगमंच ही पाहण्याचीही जागा आहे. मराठी माणसाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही; ढोल-ताशा पथकातील एकसारखे कुर्ते आणि फेटे मिरवणुकीच्या परिणामात भर घालतातच. ब्रायन एप्स्टाइनने १९६२ मध्ये 'बीटल्स'च्या अंगावरील कातडी जाकिटे उतरवून त्यांना एकसारखे सूट चढवले, त्यामागे असाच विचार होता.

मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस हे तर 'बीटल्स'च्या रूपाचे अविभाज्य अंग झाले. पण तो निवडला गेला व्यवहारी कारणांनी. १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये तो सुमारे ३० पौंडांत मिळाला. फेंडर त्याच्या आवाक्याबाहेर होता. शिवाय मॅकार्टनी डावखुरा. या बेसचे खोड दोन्ही बाजूंनी सारखे असल्याने तो उलटा धरला तरी विचित्र दिसत नसे. आधी खिसा आणि हात यांचा विचार झाला, 'ओळख' नंतर घडली. हे वाद्य १९७२ मध्ये चोरीला गेले आणि ते पुन्हा सापडून मॅकार्टनीकडे परतल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली.

दुसऱ्या टोकाला 'किस' हा न्यूयॉर्कचा बँड आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या या बँडने चेहरे रंगवले, रंगमंचावर आग ओकली, आणि जीन सिमन्स याने कुऱ्हाडीच्या आकाराचा बेस मिरवला. येथे वेश हा बँडच्या कल्पनेचाच भाग होता. १९८३ मध्ये त्यांनी रंग पुसला; १९९६ मध्ये मूळ चमूच्या पुनर्मीलनाबरोबर तो परत आला. नाट्य हाच ज्यांच्या कार्यक्रमाचा गाभा आहे, त्यांच्या बेसवादकाने साधा शर्ट घालून उभे राहणे विसंगत ठरेल, हे मान्य करावे लागते.

वेशाची परीक्षा

रूप आणि हात यांची सर्वांत कठोर परीक्षा पंक संगीतात झाली. 'सेक्स पिस्टल्स'मध्ये ग्लेन मॅटलॉक हा बेसवादक होता आणि बँडच्या बहुतेक गाण्यांच्या रचनेत त्याचा वाटा होता. १९७७ मध्ये तो गेला आणि सिड व्हिशस आला. उभे केस, गळ्यात कुलूप, चेहऱ्यावर बेफिकिरी; पंकचे चित्र काढायचे तर ते त्याचेच काढावे. मात्र त्याला बेस फारसा वाजवता येत नव्हता. त्याच वर्षी निघालेल्या बँडच्या एकमेव स्टुडिओ अल्बमवरील बहुतेक बेस गिटारवादक स्टीव्ह जोन्सलाच वाजवावा लागला. जानेवारी १९७८ मध्ये हा बँड फुटला. भांडणे अनेक होती आणि दोष एकट्या सिडचा नव्हता. पण वेश वादकाची उणीव भरून काढू शकत नाही, हे त्या ध्वनिमुद्रणात सिद्ध झाले होते.

त्याच शहरात, त्याच काळात, 'द क्लॅश'मध्ये पॉल सिमोननही रूपाच्या बळावरच आला होता. चित्रकलेच्या या विद्यार्थ्याला बेस येत नव्हता. दांडीवर सुरांची नावे रंगवून तो शिकला. पण तो शिकला, हे महत्त्वाचे. १९७९ च्या 'लंडन कॉलिंग' अल्बममध्ये त्याने स्वतः रचलेले आणि गायलेले गाणे आहे. न्यूयॉर्कच्या रंगमंचावर बेस आपटतानाचे त्याचे पेनी स्मिथने टिपलेले छायाचित्र त्याच अल्बमचे मुखपृष्ठ झाले. रूपाने दार उघडते. आत टिकण्यासाठी रियाजच लागतो.

याच्या नेमके उलट उदाहरण 'मेटालिका'चे. १९८० च्या दशकात थ्रॅश मेटलचे तरुण घट्ट जीन्समध्ये वावरत असताना क्लिफ बर्टन खाली रुंद होत जाणाऱ्या जुन्या घाटाच्या बेलबॉटममध्ये वाजवत असे. ती फॅशन केव्हाच कालबाह्य झाली होती. पण त्याचे वादन ऐकल्यावर बँडने त्याला पँट बदलायला सांगितले नाही. उलट तो लॉस एंजेलिसला यायला तयार नाही म्हणून १९८३ मध्ये बँडनेच आपला मुक्काम सॅन फ्रान्सिस्को परिसरात हलवला. १९८६ मध्ये स्वीडनमधील बस अपघातात बर्टनचा मृत्यू झाला. आज त्याचे बेलबॉटम हीच त्याच्या चाहत्यांची आवडती खूण आहे.

आपल्याकडचे चित्र

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात हा प्रश्न दीर्घकाळ उद्भवलाच नाही. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ ताडदेवच्या ध्वनिमुद्रणगृहात काय घालून बसत, याच्याशी चित्रपटगृहातील प्रेक्षकाला कर्तव्य नव्हते. पडद्यावर नायक गिटार मिरवत असे. खर्जाचा भार पडद्यामागचे हात वाहत.

रंगमंचावर आलेल्या बँडनी मात्र आपापली उत्तरे शोधली. १९९० मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या 'इंडियन ओशन'चे बेसवादक व गायक राहुल राम यांनी पाश्चात्त्य रॉक कलाकाराचा साचा कधी चढवला नाही. पर्यावरणविषयक संशोधनात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला हा वादक नर्मदा आंदोलनात सहभागी झाला आणि तेथील लोकसंगीत घेऊन रंगमंचावर आला. २००० सालच्या 'कंदिसा' अल्बममधील 'मा रेवा' हे नर्मदेचे गीत त्यातूनच आले. येथे वादकाचे रूप बँडशी जुळते, कारण दोन्ही एकाच अनुभवातून घडले आहेत.

मुंबईच्या मोहिनी डे हिने अगदी लहान वयात वडिलांकडून बेसचे धडे घेतले आणि ए. आर. रेहमान यांच्यासह अनेकांना साथ केली. २०२३ मध्ये तिचा स्वतःच्या नावाचा अल्बम आला. स्त्री वादकाच्या बाबतीत रूपाची चर्चा वादनाच्या आधी सुरू होते. 'शोभते का' हा प्रश्न तेथे अधिकच अन्यायकारक ठरतो.

मग निर्णय कसा घ्यावा?

वाद्य घेताना पहिला निकष हाताचा असावा. वजन पेलते का, दांडी मुठीत बसते का, पट्ट्यावर सोडल्यावर ती खाली झुकते का, हे उभे राहून पाहावे. काही टोकदार बेसची दांडी अशी झुकते आणि दोन तासांच्या कार्यक्रमात डावा हात सूर लावण्याऐवजी वाद्य सावरण्यातच थकतो. गुडघ्यापर्यंत लोंबणारी गिटार छायाचित्रात रुबाबदार दिसते, परंतु मनगट त्यामुळे अवघड कोनात वाकते आणि कालांतराने दुखू लागते.

दुसरा निकष कानाचा. बँडचा नाद बदलायचा असेल तर नवे वाद्य घेण्यापूर्वी नव्या तारा चढवून पाहाव्यात, कारागिराकडून तारांची उंची नीट करून घ्यावी, अॅम्प्लिफायरची मांडणी तपासावी. अनेकदा तेवढ्याने काम भागते आणि खर्च नव्या गिटारीच्या मानाने फारच थोडा येतो.

रूपाचा विचार त्यानंतर करावा, आणि तोही सर्वांनी मिळून. एकसारखा काळा शर्ट घालण्यास कोणाची हरकत नसते आणि तो परवडतोही. एका वादकाने कर्ज काढून वाद्य बदलावे आणि इतरांनी फक्त पसंती कळवावी, हा न्याय नव्हे. बँडला खरोखरच विशिष्ट आकाराचे वाद्य हवे असेल, तर त्याचा खर्च बँडच्या सामाईक पैशातून व्हावा. आणि बेसवादक बदलण्याचीच वेळ आली, तर त्याआधी एक तालीम दिवे मालवून करून पाहावी. अंधारात तो खटकला नाही, तर त्याला काढण्याचे कारण संगीताचे नाही, एवढे तरी सर्वांना स्पष्ट होईल.