लॅपटॉप अचानक का बंद पडतो?

विद्यार्थी मित्रांनो, मी मालेगावच्या एका उर्दू शाळेत शिकवतो. आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. सकाळी हजेरी घेताना त्यांचा खटखट आवाज वर्गात येतो. त्या आवाजाची आम्हांला इतकी सवय झाली आहे, की माग बंद असले म्हणजेच चुकल्यासारखे वाटते. आज मी तुम्हांला आमच्या शाळेच्या लॅपटॉपची हकीकत सांगणार आहे.

ऑक्टोबर महिना होता. उकाडा फार होता. दहावीच्या परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरण्याचे काम चालू होते. शेवटच्या तारखेला चारच दिवस उरले होते आणि बरेच अर्ज बाकी होते. कार्यालयात लॅपटॉप एकच. मी अर्ज भरायला बसलो, की वीस-पंचवीस मिनिटांत त्याचा पडदा एकदम काळा होई. ना सूचना, ना इशारा! अर्धा भरलेला अर्ज नाहीसा होई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

प्रत्येकाने आपापले कारण सांगितले. कारकून म्हणाले, "व्हायरस शिरला आहे." शिपाईचाचा म्हणाले, "विजेचा दाब कमी-जास्त होतो." एका दुकानदाराने तर लॅपटॉप न उघडताच सांगितले, "मदरबोर्ड गेला. आठ हजार रुपये लागतील." शाळेजवळ तेवढे पैसे नव्हते. हेडमास्तरसाहेब काळजीत पडले. दहावीच्या मुलांचे अर्ज वेळेवर गेले नाहीत तर काय, हीच चिंता सर्वांना होती.

मित्रांनो, आपण आजारी पडलो तर हकीमसाहेब लगेच औषध देतात का? नाही. ते आधी नाडी पाहतात. ताप कधी येतो, काय खाल्ले होते, असे प्रश्न विचारतात. आजाराचे नेमके कारण शोधण्याला मराठीत 'निदान' म्हणतात. उर्दूत आपण त्याला 'तशखीस' म्हणतो. यंत्राचेही तसेच आहे. आधी निदान, मग इलाज.

म्हणून मी एक वही घेतली. लॅपटॉप किती वाजता सुरू केला, किती वाजता बंद पडला, तेव्हा चार्जर लावलेला होता की नाही, आणि खालची बाजू हाताला गरम लागत होती की गार, हे मी दर वेळी लिहू लागलो. एका दिवसातच वही बोलू लागली.

पहिली गोष्ट अशी, की चार्जर लावला काय किंवा काढला काय, लॅपटॉप सारख्याच वेळात बंद पडत होता. म्हणजे दोष चार्जरचा किंवा बॅटरीचा नसावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. बंद पडल्यावर लगेच सुरू केला, तर तो पाच मिनिटांतच पुन्हा बंद पडे. तासभर विश्रांती दिली, तर पुन्हा वीस-पंचवीस मिनिटे चाले. आता तुम्हीच सांगा, विश्रांतीने यंत्रात काय बदलत असेल? होय, ते थंड होते!

व्हायरसची शंका दूर करण्यासाठी मी आणखी एक परीक्षा घेतली. लॅपटॉप सुरू होताना एक विशेष कळ दाबली, की 'बायोस' नावाचा पडदा येतो. त्या वेळी विंडोज सुरूच झालेली नसते. मी लॅपटॉप तसाच ठेवला. थोडा उशिरा का होईना, पण तो तेथेही बंद पडला. जेथे विंडोजच चालू नाही, तेथे विंडोजमधल्या व्हायरसला दोष कसा द्यावा?

आता ही उष्णता येते कोठून, ते पाहू. लॅपटॉपचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. नखाएवढ्या जागेत त्याचे कोट्यवधी सूक्ष्म भाग काम करत असतात. वीज त्यांतून वाहते, तेव्हा उष्णता निर्माण होते. ती बाहेर नेण्यासाठी प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी नळी बसवलेली असते. नळीच्या दुसऱ्या टोकाला धातूच्या पातळ पट्ट्या असतात आणि त्यांच्याजवळ एक लहान पंखा असतो. नळी उष्णता पट्ट्यांपर्यंत आणते आणि पंखा ती हवेबरोबर बाहेर टाकतो. लॅपटॉपच्या बाजूच्या जाळीतून गरम वारा येतो, तो हाच.

हवेची वाट अडली, तर उष्णता आतच साठते. मग प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो. तरीही तापमान वाढत राहिले आणि साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याच्याही वर गेले, तर लॅपटॉप स्वतःच वीज तोडतो. तसे केले नाही, तर आतले भाग कायमचे खराब होतील. म्हणजे ज्याला आपण बिघाड समजत होतो, तो खरे तर लॅपटॉपने स्वतःचा जीव वाचवण्यासाठी केलेला उपाय होता.

पण हवेची वाट कशाने अडली होती? मी ही वही नववीच्या वर्गात वाचून दाखवली. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती एरवी फार कमी बोलते. ती म्हणाली, "सर, माझे अब्बू माग चालवतात. लूमच्या मोटारीवर रुईचा थर बसतो. अब्बू तो रोज झाडतात. नाहीतर मोटार तापते. आपल्या लॅपटॉपमध्येही रुई गेली असेल का?"

मी लॅपटॉप मोहल्ल्यातल्या एका कारागिराकडे नेला. त्याने खालचे झाकण उघडले आणि आम्ही पाहतच राहिलो. पंखा आणि पट्ट्या यांच्यामध्ये रजईतल्या कापसासारखा थर जमला होता. कार्यालयाची खिडकी गल्लीकडे उघडते. यंत्रमागांवरून उडणारे सुताचे बारीक तंतू पंख्याने वर्षानुवर्षे आत ओढले होते. कारागिराने मऊ ब्रशने थर काढला. पंख्याची पाती बोटाने धरून हातपंपाने हवा मारली. प्रोसेसरवरचा वाळलेला लेप पुसून नवा लावला. खर्च चारशे रुपये आला. त्या दिवशी लॅपटॉप संध्याकाळपर्यंत एकदाही बंद पडला नाही. मुदतीच्या आदल्या दिवशी शेवटचा अर्ज भरून झाला.

मित्रांनो, प्रत्येक लॅपटॉप उष्णतेमुळेच बंद पडतो असे मात्र समजू नका. बॅटरी जुनी झाल्यानेही असे होते. लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ही बॅटरी १९९१ साली बाजारात आली. तिच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण कोणतीही बॅटरी कायम टिकत नाही. पडद्यावर ३० टक्के दिसत असताना लॅपटॉप एकदम बंद पडला आणि चार्जर लावल्यावर नीट चालला, तर दोष बहुधा बॅटरीचा असतो. टाकीत पाणी आहे, पण नळ गंजून बारीक झाला आहे, तशी तिची अवस्था होते. थोडे पाणी मिळते. जास्त हवे असले की धार तुटते.

चार्जरची पिन हलवताच लॅपटॉप बंद होत असेल, तर पिन किंवा तिची जागा सैल झाली आहे आणि बॅटरीही साथ देत नाही, असे समजावे. कधी कधी लॅपटॉप बंद पडलेला नसतो, तर नुसता झोपलेला असतो. कळ दाबल्यावर आपले काम जसेच्या तसे परत दिसले, तर बिघाड काहीच नाही. विंडोजमध्ये झोपेची वेळ बदलता येते. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची एक नोंदवहीसुद्धा असते. लॅपटॉप अचानक बंद पडल्यावर तेथे अनेकदा 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडते. लॅपटॉप रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती सांगते. कारण मात्र आपल्यालाच शोधावे लागते.

काही गोष्टी नेहमी लक्षात ठेवा. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका. खालची जाळी झाकली जाते. टेबलावर ठेवा आणि मागची बाजू थोडी उंच करा. जाळीत ओले फडके घालू नका. झाकण स्वतः उघडू नका. जाणकार माणसाकडे न्या. बॅटरी फुगलेली दिसली, तर लॅपटॉप वापरणे ताबडतोब थांबवा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका. तिला आग लागू शकते. आणि काम करताना ते वरचेवर जतन करत जा.

आता आमच्या कार्यालयाच्या त्या खिडकीला बारीक जाळी बसवली आहे. दर तीन महिन्यांनी लॅपटॉपची सफाई होते. तारीख लिहायला तीच वही आहे. ती वही आता नववीच्या त्या मुलीकडे असते. परवा तिने मला वर्गातच आठवण करून दिली, "सर, सफाईचा दिवस आला."